रिकर्शन म्हणजे काय? कापूसकोंड्यापासून उचलीच्या बाकीपर्यंत

लहानपणी कोणी ना कोणी तुम्हाला कापूसकोंड्याची गोष्ट सांगतो म्हणून छळलं असेलच. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, रडा, गप्प बसा. सांगणारा तुमचंच उत्तर उचलतो आणि पुन्हा विचारतो, की कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का? गोष्ट कधी सुरूच होत नाही. आमच्याकडे आजी हा खेळ लाईट गेल्यावर खेळायची आणि शेवटी कोणीतरी चिडून उठून गेलं की संपायचा.

गोष्टीच्या आत पुन्हा तीच गोष्ट. यालाच कॉम्प्युटरच्या भाषेत रिकर्शन म्हणतात. पुस्तकी मराठीत पुनरावर्तन असा शब्द आहे, पण त्याने घोटाळा होतो. पुनरावर्तन म्हटलं की रोज सकाळी अलार्म वाजणं, पाढे घोकणं असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. ते नुसतं पुन्हा पुन्हा करणं झालं. रिकर्शनमध्ये एखादी गोष्ट सोडवायला तीच गोष्ट, पण छोट्या आकारात, वापरतात. कापूसकोंड्यात "तीच गोष्ट" आहे, "छोट्या आकारात" मात्र नाही, म्हणून तो संपत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे.

मी बीड जिल्ह्यातला, धारूर तालुक्यातला. कॉलेजात रिकर्शन शिकवलं तेव्हा फळ्यावर फॅक्टोरियल होतं, आणि ते पाठ करून मी पास झालो. पण रिकर्शन खरं कशाला लागतं ते मला ऊसतोडीच्या हिशेबाच्या वहीत दिसलं. तिथे जायचंच आहे. आधी फोन हातात घ्या.

फोनमधलं रिकर्शन

फाइल्स ॲप उघडा आणि व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरवर बोट दाबून त्याची माहिती बघा. फोल्डर किती एमबीचं आहे ते लिहून येतं. हे फोन कसं काढतो?

मीडियाच्या आत इमेजेस, व्हिडिओ, ऑडिओ अशी फोल्डरं. इमेजेसच्या आत फोटो, आणि शिवाय सेंट नावाचं अजून एक फोल्डर. त्याच्या आत अजून काय असेल ते फोनला आधी माहीत नसतं. कोणी फोल्डरात फोल्डर करत वीस पायऱ्या खाली गेलेलं असू शकतं. मग फोन एकच नियम वापरतो:

फोल्डरचा आकार = त्यातल्या फायलींचे आकार + त्यातल्या प्रत्येक फोल्डरचा आकार

बघा, "फोल्डरचा आकार" हे शब्द बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना आलेत. शाळेत अशी व्याख्या लिहिली असती तर सरांनी गोल मारला असता. तरी ती चालते, कारण उजवीकडचं फोल्डर एक पायरी आत आहे. आत जाता जाता कधीतरी असं फोल्डर येतं ज्यात फक्त फायली आहेत, किंवा काहीच नाही. तिथे विचारणं थांबतं आणि उत्तरं वर यायला लागतात. या थांबण्याच्या जागेला बेस केस म्हणतात. मी त्याला तळ म्हणतो, विहिरीचा असतो तसा.

आता एक बारीक गोष्ट. समजा इमेजेसमध्ये सुटे फोटो ९०० एमबी आणि सेंटमध्ये १५० एमबी. इमेजेस वर सांगतं, १०५०. व्हिडिओ सांगतं, २४००. मीडिया फक्त या दोघांचं ऐकतं आणि ३४५० म्हणतं. ते सेंटकडे वेगळं जाऊन विचारत नाही. सेंटचे १५० इमेजेसच्या १०५० मध्ये आधीच आलेत. मीडियाने ते पुन्हा धरले तर हिशेब चुकला. रिकर्शनमध्ये फक्त आपल्या खालच्या पायरीला विचारायचं असतं, त्याच्या खालचं सगळं त्याच्या उत्तराच्या पोटात असतं. हे वाचताना "यात काय मोठं" वाटेल. थांबा जरा, याच बारीक गोष्टीवर पुढे चौदा हजार रुपये अडकलेले आहेत.

आपण बोलतो त्यातलं रिकर्शन

आता भाषा. हे वाक्य वाचा: मुकादमाच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक निखळलं.

चाक कोणाचं, ट्रॉलीचं. कुठली ट्रॉली, ट्रॅक्टरची. कुठला ट्रॅक्टर, मेव्हण्याचा. ही साखळी कुठेही थांबवता येते आणि कुठूनही वाढवता येते. चाकाचा नट, नटाचा आटा, आट्याला लागलेला गंज. नियम दोनच ओळींचा:

नामपद म्हणजे एक नाम;
किंवा नामपद म्हणजे एक नामपद, त्याला चा-ची-चं, आणि पुढे एक नाम.

पहिली ओळ तळ आहे, दुसरी ओळ स्वतःलाच बोलावते. एवढ्या दोन ओळींत मराठीतली "च्या-च्या-च्या" अशी कितीही लांब रांग बसते. गंमत म्हणजे मधले सगळे जोड "च्या" असतात आणि फक्त शेवटचा खऱ्या नामाप्रमाणे बदलतो: ट्रॉलीचं चाक, ट्रॉलीची साखळी, ट्रॉलीचा हूक. आतल्या पायऱ्यांना बाहेर काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही. फोल्डरासारखंच.

नात्यांचंही तसंच. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, इथपर्यंत आपल्याकडे शब्द आहेत. त्याच्या वर गेलो की शब्द संपतात, पण पूर्वज संपत नाहीत. मग व्याख्या करायची: पूर्वज म्हणजे आई किंवा वडील, किंवा पूर्वजाचे आई-वडील. झालं, हजार पिढ्या एका ओळीत बसल्या.

आता जरा डोक्याला त्रास देणारा प्रयोग. एकच निरोप तीन प्रकारे लिहितो. (पट्टा पडला म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला.)

आई म्हणाली की चुलती सांगत होती की मुकादम म्हणाला की पट्टा पडला.

पट्टा पडला असं मुकादम म्हणाला असं चुलती सांगत होती असं आई म्हणाली.

आई चुलती मुकादम पट्टा पडला असं म्हणाला असं सांगत होती असं म्हणाली.

पहिली दोन वाक्यं कळतात. तिसऱ्यात शब्द जवळपास तेच आहेत, व्याकरणही मोडलेलं नाही, तरी वाचताना गरगरतं. कारण तिसऱ्यात आई, चुलती, मुकादम अशी तीन माणसं एकापाठोपाठ येऊन उभी राहतात आणि त्यांची क्रियापदं नंतर उलट्या क्रमाने येतात. आधी मुकादमाचं, मग चुलतीचं, शेवटी आईचं. तोपर्यंत तिघांनाही डोक्यात धरून ठेवावं लागतं. दोन माणसं धरता येतात, तिसऱ्याला हात सुटतो. पहिल्या दोन प्रकारांत असं कोणाला ताटकळत ठेवावं लागत नाही. हे "ताटकळत ठेवणं" कॉम्प्युटरलाही करावं लागतं, त्याकडे येतोच.

भाषाशास्त्रात यावर मोठा वाद झालेला आहे. २००२ साली मार्क हाउझर, नोम चॉम्स्की आणि टेकम्से फिच यांनी सायन्स या नियतकालिकात असं मांडलं की माणसाच्या भाषेला प्राण्यांच्या आवाजांपासून वेगळं करणारी मुख्य गोष्ट कदाचित रिकर्शनच आहे. २००५ मध्ये डॅनियल एव्हरेट या संशोधकाने ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलातल्या पिराहा भाषेत वाक्यात वाक्य बसवतच नाहीत असा दावा केला, आणि भांडण जुंपलं. माझं मत विचाराल तर पिराहाचं काहीही असो, मराठी गावगप्पांना तरी रिकर्शनशिवाय चालत नाही. कोण कोणाला काय म्हणालं हे कोण कोणाला सांगत होतं, यावरच तर पार भरतो.

बाकी शून्य येईपर्यंत

गणितात रिकर्शन तुम्ही सहावी-सातवीतच केलंय, फक्त नाव सांगितलं नव्हतं. मसावि काढायची भागाकाराची रीत आठवा.

समजा २५२ इंच लांब आणि १०५ इंच रुंद ओटा आहे. चौकोनी फरश्या बसवायच्या, एकही तोडायची नाही, आणि फरशी शक्य तितकी मोठी हवी. ओट्यात १०५ बाय १०५ चे दोन चौकोन बसतात आणि ४२ इंचांची पट्टी उरते. आता प्रश्न तोच, पण ओटा छोटा: १०५ बाय ४२. त्यात ४२ चे दोन चौकोन, उरली २१ ची पट्टी. पुन्हा तोच प्रश्न: ४२ बाय २१. त्यात २१ चे दोन चौकोन आणि बाकी शून्य. फरशी २१ इंचांची.

नियम असा: दोन संख्यांचा मसावि म्हणजे लहान संख्या आणि भागाकाराची बाकी, यांचा मसावि. बाकी शून्य आली की थांबा. ही रीत ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथात आहे, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी.

ती थांबणारच याची खात्री काय? बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते. दर पायरीला ती घटते, आणि पूर्ण संख्या घटत घटत शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणून तळ लागतोच. कापूसकोंड्यात जे नव्हतं ते इथे आहे.

भारतीय गणितात याच भागाकारांवर कुट्टक नावाची रीत उभी आहे. आर्यभटाने ४९९ च्या ग्रंथात ती दिली, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ती सविस्तर आहे. त्यात एकामागून एक येणारे भागाकार एकाखाली एक लिहीत जातात. त्या उभ्या रांगेला वल्ली म्हणतात, म्हणजे वेल. खाली तळ लागला की मग शेवटच्या आकड्यापासून एकेक पायरी वर चढत गुणाकार-बेरीज करायची, आणि उत्तर वेलीच्या शेंड्याला मिळतं. खाली उतरताना प्रश्न, वर येताना उत्तर. आजचा प्रोग्रॅमर फळ्यावर रिकर्शन समजावताना अगदी असंच चित्र काढतो.

जाता जाता: भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगितलंय. नाव ऐकल्याबरोबर "म्हणजे आमचं बीडच की" असं आमच्याकडचे लोक छातीठोकपणे म्हणतात. बरेच अभ्यासक मात्र चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात, कारण त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख तिथे आहे. बीडकर म्हणून मला पहिलं मत आवडतं, पण शिलालेखाशी भांडता येत नाही.

गाईंचा प्रश्न आणि वही

आता कॉम्प्युटरवर येऊ, पण एका गाईला सोबत घेऊन. नारायण पंडितांच्या गणितकौमुदी (१३५६) या ग्रंथात एक प्रश्न आहे. एक गाय दरवर्षी एक कालवड देते. प्रत्येक कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एक कालवड देते. वीस वर्षांनी एकूण किती?

सरळ मोजायला गेलात तर गोठा डोक्यात मावत नाही. रिकर्शनने बघा. या वर्षी गाई किती? मागच्या वर्षी होत्या तेवढ्या, अधिक नवीन कालवडी. नवीन कालवडी किती? तीन वर्षांपूर्वी जेवढ्या होत्या तेवढ्या, कारण त्या सगळ्या आता व्यायला लागल्या.

गाई(वर्ष) = गाई(वर्ष − १) + गाई(वर्ष − ३)

तळ: सुरुवातीला १, पहिल्या वर्षाअखेर २, दुसऱ्या वर्षाअखेर ३. मग ४, ६, ९, १३, १९, २८, असं वाढत विसाव्या वर्षी २७४५. (मरण, विक्री, दुष्काळ धरलेला नाही. चारा छावणी पाहिलेल्या माणसाला हे लगेच खटकतं, पण गणित आहे, सोडून द्या.)

हा नियम जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये लिहिला तर फोन काय करतो? गाई(२०) ला उत्तर द्यायला गाई(१९) हवी. म्हणून २० ला ताटकळत ठेवून १९ कडे जातो. तिला ताटकळत ठेवून १८ कडे. पंगतीतली ताटं धुऊन एकावर एक ठेवतात तशी ही चळत होते, आणि सगळ्यात शेवटी ठेवलेलं ताट सगळ्यात आधी उचललं जातं. प्रोग्रॅमिंगमध्ये तिला स्टॅक म्हणतात. आई-चुलती-मुकादमाचं तिसरं वाक्य आठवलं? तीच चळत. फरक इतकाच की आपली तीन ताटांत कोसळते आणि फोनची हजारो ताटांपर्यंत उभी राहते.

पण तीही कोसळते. तळ लिहायला विसरलात तर फंक्शन स्वतःला बोलावतच राहतं आणि मेमरी भरते. याला स्टॅक ओव्हरफ्लो म्हणतात. पायथॉन भाषा तेवढी वाट बघत नाही. साधारण १००० पायऱ्या झाल्या की ती स्वतःच हात जोडते आणि रिकर्शन-एरर दाखवते. सुरुवातीच्या काळात ही सोयही नव्हती. १९५७ च्या फोरट्रान भाषेत फंक्शनला स्वतःलाच बोलावता येत नव्हतं. १९६० च्या आसपास लिस्प आणि अल्गोल या भाषांनी ते रुळवलं.

दुसरी अडचण वेळेची. गाई(२०) काढताना गाई(१७) दोनदा लागते: एकदा थेट, आणि एकदा १९, १८ मधून उतरत. तिच्या खालच्या तर कितीतरी वेळा. मी मोजलं, हे फंक्शन एकूण २५५५ वेळा बोलावलं जातं. खरे वेगळे प्रश्न फक्त २१ आहेत, ० ते २०. उपाय साधा आहे: एकदा निघालेलं उत्तर वहीत लिहून ठेवायचं आणि पुन्हा विचारलं तर वही बघून सांगायचं. प्रोग्रॅमर याला मेमोआयझेशन असं अवघड नाव देतात. किराणा दुकानदार खातेवही म्हणतो.

मुकादमाची वही

आता त्या वहीकडे, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दिवाळीच्या आगेमागे निघायचं, पट्टा पडला की परत यायचं. जाण्याआधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल त्या जोडीच्या नावावर. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. टनावर दर. काम चुकलं तर खाडा, आणि बऱ्याच ठिकाणी खाड्याचा वर दंड. फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या सालात. म्हणजे:

बाकी(या साली) = बाकी(मागच्या साली) + नवी उचल − कामाचे पैसे

बघा, शब्दही तोच आहे. भागाकारात उरते तीही बाकी, आणि मुकादमाकडे उरते तीही बाकी. मसाविमधली बाकी दर पायरीला घटतेच. ही घटेल याची कसलीच हमी नाही.

माझे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो, आणि चुलती असा एक कोयता. एका दिवाळीत मुकादम वही घेऊन ओट्यावर बसला. म्हणाला, "नाना, मागच्या सालची बाकी एकतीस हजार, आन त्याच्या आधीची चौदा. पंचेचाळीस झाले." नाना मान हलवत होते. मी शेजारी बसून ऐकत होतो, आणि मला ते मीडिया फोल्डर आठवलं. मी विचारलं, "दादा, एकतीसमध्ये चौदा धरलेत का?"

वही उलटी वाचत गेलो. दोन सालांपूर्वी उचल ८०,०००, काम ६६,०००, बाकी १४,०००. मागच्या साली आधीची बाकी १४,०००, नवी उचल ८०,०००, काम ६३,०००. चौदा अधिक ऐंशी म्हणजे चौऱ्याण्णव, त्यातून त्रेसष्ट गेले, उरले ३१,०००. म्हणजे एकतीसच्या पोटात चौदा आधीच बसलेले. ते पुन्हा बाहेर काढून मांडले होते. सेंट फोल्डर दोनदा मोजल्यासारखं.

मुकादम बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मलाबी वरून असंच मांडून आलंय." खरंही असेल. मुकादमाला उचल वरून मिळते, त्याचीही वर बाकी असते, आणि त्याच्या वरच्याचीही. फोल्डरात फोल्डर. शेवटी त्याने चौदावर रेघ मारली.

जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि टनाला ३५० रुपये धरले तर दिवसाचे ७०० होतात. चौदा हजार म्हणजे दोघांचे वीस दिवस.

त्याच्या मागे मात्र आम्हाला जाता आलं नाही. दोन सालांपूर्वीचे ६६,००० कुठून आले, म्हणजे किती टन, किती खाडे? त्या सालच्या काट्याच्या पावत्या आमच्याकडे नव्हत्या. १४ हजार हा आकडा तसाच मान्य करावा लागला. आता चुलती फडातूनच पावतीचा फोटो पाठवते, आणि मी गूगल शीट्समध्ये एक ओळ वाढवतो. तुम्हालाही करता येईल: तारीख, टन, दर, खाडा, आणि शेवटच्या रकान्यात वरच्या ओळीतली बाकी घेणारं सूत्र. पहिल्या ओळीत सूत्र नसतं, नुसता आकडा असतो. तो तळ. तो दोघांनीही मान्य केलेला असला पाहिजे, आणि शक्यतो त्याचा फोटो असला पाहिजे.

नानांचा तळ शून्य नाही, ३१,००० आहे. तो कधी फिटेल? हेही एक रिकर्शन आहे, आणि फोनवर पायड्रॉइड ३ ॲप टाकून तुम्ही ते चालवू शकता. पायथॉन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही चालतं:

हंगाम(बाकी): बाकी शून्य किंवा कमी असेल तर उत्तर ०, नाहीतर उत्तर १ + हंगाम(पुढच्या सालची बाकी).

धरा, हंगामात १२५ दिवस काम मिळालं. ७०० प्रमाणे ८७,५०० झाले. उचल ८०,००० घेतली तर दर साली ७,५०० ने बाकी कमी होते: २३,५००, १६,०००, ८,५००, १,०००, आणि पाचव्या हंगामात फिटते. कोणी आजारी पडून अकरा दिवस खाडा झाला की ७,७०० गेले, आणि त्या साली बाकी घटायच्या ऐवजी वाढली. दंड वेगळा.

नानांच्या मुकादमाने व्याज लावलेलं नाही. पण लावणारे आहेत. महिन्याला शेकडा दोन धरलं तर वर्षाचे चोवीस. ३१,००० वर ७,४४०. म्हणजे ७,५०० फेडले तरी बाकी फक्त साठ रुपयांनी हलली. फंक्शनमध्ये पुढच्या सालची बाकी = बाकी × १.२४ − ७,५०० असं लिहा आणि ३१,००० टाकून बघा. उत्तर येतं २३ हंगाम.

मग रेघ मारण्याआधीचा आकडा टाका, ४५,०००. त्यावर वर्षाचं व्याज १०,८०० होतं, फेड ७,५००. पहिल्याच साली बाकी ४८,३०० वर जाते, आणि पुढे प्रत्येक साली आणखी वर. ३१,२५० ही त्या हिशेबाची कड आहे: सुरुवात तिच्या खाली असेल तर कधी ना कधी तळ लागतो, वर असेल तर नाही. फोन पायऱ्या उतरत राहतो आणि हजाराच्या आसपास स्क्रीनवर रिकर्शन-एरर येतो.